निवाऱ्याच्या शोधात : 'द वॉकिंग डेड' कॉमिकमधल्या जागा आणि माणसं

रानजाई – शनिवार, रात्री ९.१०

(सूचना : पुढे शेवटच्या अंकापर्यंतचं कथानक उघड केलंय. ज्यांना कोरं वाचायचंय त्यांनी आधी कॉमिक वाचावं. धागा कुठे जात नाही.)

एक चौकट माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. हिवाळा आहे, सगळीकडे बर्फ. रिक ग्राइम्स आणि त्याच्याबरोबरची माणसं दिवसच्या दिवस गाडीतून भटकतायत. खायचे वांधे, रिकची बायको लोरी गरोदर. अशात त्यांना विल्टशायर इस्टेट्स नावाची बंगल्यांची वसाहत लागते. भोवती भिंत, पुढे फाटक, घरं शाबूत, झोपायला गाद्या. कितीतरी दिवसांनी माणसं पोटभर जेवतात. वाचणाऱ्याचाही जीव भांड्यात पडतो. आणि मग बाहेरच्या पाटीवरचा बर्फ घसरतो. खाली कुणीतरी घाईघाईनं रंगवून ठेवलेलं असतं : आत सगळे मेलेत, येऊ नका. ही पाटी आपल्याला दिसते. आत झोपलेल्यांना दिसत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्यातली डोना जाते.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रॉबर्ट कर्कमननं लिहिलेलं हे कॉमिक इमेज कॉमिक्सनं ऑक्टोबर २००३ ते जुलै २०१९ असं चालवलं. एकूण १९३ अंक. पहिल्या सहा अंकांची चित्रं टोनी मूरची, सातव्यापासून शेवटपर्यंत चार्ली ॲडलर्डची. केंटकीतल्या सिंथियाना गावचा पोलीस रिक गोळी लागून कोमात जातो. शुद्धीवर येतो तेव्हा इस्पितळ ओस पडलेलं आणि मेलेली माणसं, म्हणजेच 'वॉकर', चालत फिरतायत. हे कशामुळे झालं ते कॉमिक शेवटपर्यंत सांगत नाही. बायको आणि मुलगा कार्ल यांच्या शोधात तो अटलांटाला जातो. मोठ्या शहरांत या, तिथे संरक्षण देता येईल, असं सरकारनं लोकांना सांगितलेलं असतं. म्हणून लोक शहरांत गेले, आणि शहरंच आधी बुडाली.

तिथून पुढे ही माणसं रात्री डोळे मिटता येतील अशी जागा शोधत राहतात. या धाग्यावर मला बोलायचंय ते या जागांबद्दल. मी एका वहीत त्यांची यादी केली आणि प्रत्येकीपुढे ती का मोडली ते लिहिलं. वॉकर आत घुसले म्हणून, असं मोजक्याच ठिकाणी लिहावं लागलं.

अटलांटाबाहेरच्या तळाला कुंपणच नाही. रिकचा पोलीस खात्यातला जोडीदार शेन म्हणत राहतो, इथेच थांबू, मदत येईल. मदत येत नाही. तळ मोडतो आणि शेवटी दुधाचे दात पडायच्या वयाच्या कार्लच्या हातून शेन मरतो. मग वर सांगितलेली विल्टशायर. मग हर्शेल ग्रीनचं शेत. इथे मी थोडी थांबते.

हर्शेल हा म्हातारा शेतकरी. शिकारीच्या भानगडीत हर्शेलकडच्या ओटिसच्या बंदुकीची गोळी कार्लला लागते, म्हणून ही मंडळी त्याच्या दारात येतात. हर्शेल पोराला वाचवतो, सगळ्यांना जेवू घालतो. पण त्याच्या गोठ्याला बाहेरून कुलूप आहे आणि आत त्याचा मेलेला मुलगा शॉन, इतर वॉकरांबरोबर. हे आजारी आहेत, कधीतरी औषध निघेल, अशी त्याची समजूत. ते दार उघडतं तेव्हा त्याची आणखी दोन मुलं जातात. त्यानंतर तो रिकला बंदूक दाखवून शेतातून जायला सांगतो. लहानपणी मला इथे हर्शेलचा राग आला असता. आज येत नाही. त्याच्या घरात जागा मोजकी, धान्य मोजकं, आणि समोर दहा-बारा परकी तोंडं.

पुढे रिकला तुरुंग सापडतो. तीन-तीन कुंपणं, गज, पहाऱ्याचे मनोरे. लोकांना आत कोंडण्यासाठी बांधलेली इमारत इथे लोकांना जगवण्यासाठी वापरली जाते. जागा मिळाल्यावर रिक परत हर्शेलकडे जातो, तुम्हीही चला म्हणतो, आणि हर्शेल येतो. त्यानंतर तुरुंगाच्या आवारात तो वाफे करायला घेतो. बी पेरतो. माझ्यासाठी सगळ्या कॉमिकची कलाटणी इथे आहे.

मी बार्शीकडची, शेतकऱ्याची मुलगी. आई भोपळ्याचं, दोडक्याचं, वालाचं बी राखेत घोळून गाडग्यात ठेवायची, तोंडाला फडकं बांधून. दुष्काळाच्या वर्षी विकत आणून खाल्लं, पण त्या गाडग्याला हात लावला नाही. बी राखून ठेवणाऱ्याचा पुढच्या पावसावर विश्वास असतो. तुरुंगापर्यंत ही माणसं फक्त लुटलेल्या डब्यांवर जगतात. डबे संपले की जागा सोडायची. ज्या दिवशी कुणी पेरतं, त्या दिवसापासून ती पीक येईपर्यंत थांबायला तयार होतात, आणि त्यांच्या तोंडी 'घर' हा शब्द यायला लागतो.

तुरुंग मोडतो तो जवळच्या वुडबरी गावावर हुकूमत गाजवणाऱ्या, 'गव्हर्नर' म्हणवणाऱ्या माणसामुळे. तो रणगाडा घेऊन येतो. ४८ व्या अंकात लोरी आणि कुशीतलं बाळ ज्युडिथ गोळीनं जातात, हर्शेलही जातो. पण हर्शेलची लेक मॅगी उरते, आणि पुढे हिलटॉप नावाची शेतीवर जगणारी वस्ती तीच चालवते. बापाचं बी लेकीनं नेलं असं मला वाटतं.

माझं म्हणणं इतकंच की या कॉमिकमध्ये भिंतीनं जागा टिकत नाही, पेरणीनं टिकते. तुम्हाला काय वाटतं? आणि तुमच्या मनात कुठली जागा राहिली?

चकवा – शनिवार, रात्री ९.४५

वाचनखूण साठवली. मी फक्त यावरची टीव्ही मालिका पाहिलीय, २०१० साली सुरू झालेली. कॉमिकमध्ये डॅरिल कुठल्या जागी भेटतो ते सांगाल का? तुमच्या लेखात त्याचं नाव दिसलं नाही म्हणून विचारतोय. तो माझा सगळ्यात लाडका.

रानजाई – शनिवार, रात्री ९.५२

चकवा, कॉमिकमध्ये डॅरिल नाहीच. तो मालिकेसाठी घडवलेला. उलट मालिकेत लवकर गेलेली अँड्रिया कॉमिकमध्ये जवळजवळ शेवटपर्यंत आहे. अचूक नेम, रिकची पुढची सोबतीण, कार्लला आईसारखी. ती १६७ व्या अंकात जाते तेव्हा मी पुस्तक मिटून गच्चीवर जाऊन बसले होते. तुम्ही कॉमिक वाचाच, वेगळी माणसं भेटतील.

वकीलीण – शनिवार, रात्री ११.३०

रानजाई, लेख फार आवडला, पण मुद्दा मला पटलेला नाही. पेरलेलं पीक दुसरा कापून नेणार नाही याची हमी कोण देतो? माझ्या मते प्रत्येक जागा टिकते किंवा मोडते ती एकाच प्रश्नावर : इथे गुन्हा झाला तर न्याय कोण करणार?

तुरुंगाचाच दाखला घ्या. ही मंडळी जातात तेव्हा आत चार कैदी जिवंत असतात. डेक्स्टर सांगतो, खुनासाठी आत आहे. थॉमस सांगतो, कर चुकवला म्हणून. हर्शेलच्या जुळ्या मुली, रेचल आणि सूझी, मारल्या जातात तेव्हा सगळ्यांची बोटं डेक्स्टरकडे वळतात आणि त्याला कोठडीत टाकलं जातं. खुनी निघतो थॉमस. मी रोज कोर्टात हेच बघते. ज्याच्या नावावर आधीचा गुन्हा आहे त्याच्याकडे पोलीस, शेजारी, नातेवाईक, सगळे पहिल्यांदा बघतात.

यानंतर रिक नियम सांगतो, जो मारेल तो मरेल. सगळ्यांना पटतो. आणि थोड्याच अंकांत वॉकरांशी चाललेल्या झटापटीचा आडोसा घेऊन तोच रिक डेक्स्टरला गोळी घालतो. मग नियम कुणासाठी होता? पुढे त्याच्या एकट्याच्या हातात कारभार राहत नाही. रिक, त्याच्या गटातले टायरीस आणि डेल, आणि हर्शेल अशी चौघांची समिती होते. सगळे २४ व्या अंकातलं रिकचं भाषण आठवतात, चालती मढी म्हणजे आपणच, ते. मला त्याच अंकातली ही समिती जास्त महत्त्वाची वाटते.

मोठी गोष्ट पुढे. वस्त्या लुटणाऱ्या टोळीचा म्होरक्या नेगन, त्यानं मॅगीचा नवरा ग्लेन याला सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मारलेलं असतं. नेगनशी युद्ध संपतं तेव्हा रिकला त्याला ठार करायची पूर्ण संधी असते. तो त्याला मारत नाही, अलेक्झांड्रिया या आपल्या नव्या, भिंतीआडच्या वस्तीत कोठडीत ठेवतो, वर्षानुवर्षं. मॅगीचा नवरा गेलाय, तिला हे सहन होत नाही, आणि तिच्या जागी मी असते तर मलाही झालं नसतं. पण त्या कोठडीमुळे अलेक्झांड्रिया हे गाव झालं, तोवर तो तळ होता असं मी म्हणेन. तीच मॅगी पुढे हिलटॉपवर तिथला आधीचा पुढारी ग्रेगरी याला फाशी देते. एकाच कॉमिकमध्ये दोन निवाडे, आणि लेखक कुणाच्याही बाजूनं कौल देत नाही.

दर्यावर – रविवार, सकाळी ७.१५

हर्शेलनं बंदूक दाखवली तो प्रसंग वाचून मला माझा चुलता आठवला.

मे २०२० मध्ये मी मुंबईहून गावी गेलो. पासासाठी चार दिवस, प्रवासाला एक दिवस. वाडीच्या वाटेवर बांबू आडवा टाकलेला, त्यावर करवंदीच्या काट्या. पलीकडे सख्खा चुलता उभा, तोंडाला पंचा गुंडाळलेला. म्हणाला, "बाबू, रागावू नको. शाळेत जा." ग्राम कृती दलात तोच होता. चौदा दिवस मी चौथीच्या वर्गात काढले. फळ्यावर मार्चमधली तारीख तशीच होती. काकी दोन वेळा डबा आणायची, पायरीवर ठेवायची आणि आंब्याच्या झाडापर्यंत मागे जाऊन उभी राहायची. मी डबा उचलला की मगच वळायची.

पहिले तीन दिवस मला भयंकर राग होता. मीच पाठवलेल्या पैशातून त्या वाटेची फरसबंदी झालेली. चौथ्या दिवशी खिडकीतून आजीला बघितलं, ऐंशीच्या वर वय, अंगणात बसून चिंचा फोडत होती. मग राग गेला.

मी हे कॉमिक त्याच वर्गात फोनवर वाचलं. त्यामुळे मला रिक आणि हर्शेल दोघंही आपलेच वाटतात. पुढे अलेक्झांड्रियातून ॲरन येतो आणि या सगळ्यांना आत यायचं आमंत्रण देतो, तर रिक त्यालाच बांधून ठेवतो. इतके दिवस बाहेर राहिल्यावर आत बोलावणाऱ्याची भीती वाटायला लागते. शाळेतून सुटलो त्या दिवशी काकीनं हात धरून घरात नेलं, तरी मी ओटीवरच थांबलो होतो, आत पाऊल पडेना.

कासारपेठ – रविवार, सकाळी १०.०५

दर्यावर, डोळ्यांत पाणी आलं वाचून.

आमच्या पणजीच्या तोंडून ऐकलेलं सांगते. प्लेगच्या दिवसांत घरात उंदीर मरून पडला की गाव उठायचं. घराला कुलूप, गुरं पुढे घालायची आणि सगळ्यांनी रानात जायचं. कडब्याच्या, ताट्यांच्या झोपड्या, एकीपासून दुसरी चांगली लांब. गावात महिनोन् महिने दिवा लागायचा नाही. पणजी म्हणायची, "भिंतीत मरण होतं, उघड्यावर जगलो."

म्हणून मला या कॉमिकमध्ये सतत वाटत राहतं की ही माणसं एवढी गोळा का होतात? जिथे माणसं जास्त तिथे आवाज जास्त, आणि आवाजामागे वॉकरांचे कळप येतात. एखादी गोळी सुटली, दोन-चार वॉकर वळले, त्यांच्यामागे आणखी, असं करत हजारोंचा कळप तयार होतो, हे अब्राहम या सैनिकाबरोबरच्या प्रवासात दाखवलंय. अलेक्झांड्रियाची भिंत त्या कळपाच्या नुसत्या वजनानं पडते. रानात पांगलेली माणसं कदाचित जास्त टिकली असती.

वकीलीण – रविवार, सकाळी १०.४०

कासारपेठ, तुमच्या पणजीचं खरंच आहे, पण रानात पांगलेल्यांना माहीत होतं की शेजारच्या झोपडीतले लोक गावचेच आहेत. कॉमिकमध्ये पांगलेल्यांचं काय होतं ते 'हंटर्स'च्या भागात बघा. रस्त्यानं फिरणारी पाच-सहा जणांची टोळी, शिकार जमेना म्हणून माणसं खाणारी. ते डेलला उचलून नेतात आणि त्याचा पाय खातात. त्याला आधीच चावा बसलेला आहे हे त्यांना माहीत नसतं. त्यांनी सुरुवात स्वतःच्या मुलांपासून केली हे ते कबूल करतात तिथे मी वाचन दोन दिवस थांबवलं होतं.

शाईवाला – रविवार, दुपारी १.२०

मी चित्रकार आहे, जाहिरातींसाठी काम करतो. मला चित्रांबद्दल लिहायचंय, कारण त्यावर कुणीच बोललेलं नाही.

रानजाईंनी सांगितलेली पाटीची चौकट काळ्या-पांढऱ्यात आहे म्हणूनच ती काम करते. कॉमिक रंगीत असतं तर पाटीवरची अक्षरं लाल दाखवावी लागली असती आणि डोळा आधीच तिकडे गेला असता. इथे बर्फ म्हणजे कोरा कागद. अक्षरं त्या कोऱ्यातून हळूच वर येतात.

टोनी मूरच्या पहिल्या सहा अंकांत रेघ गोलसर आहे, चेहरे बोलके, वॉकरांच्या दातांपासून कपड्याच्या चिरगुटापर्यंत सगळं कोरलेलं. ॲडलर्ड आला आणि काळा वाढला. तो चेहऱ्याचा अर्धा भाग सरळ शाईत बुडवतो. सुरुवातीला मला ते घाईचं काम वाटलं. तुरुंगाच्या भागात कळलं की गजांची सावली त्यानं माणसांच्या चेहऱ्यांवर आणलीय. राखाडी छटा क्लिफ रॅथबर्नच्या, आणि रात्रीच्या प्रसंगांत त्या अशा भरल्यात की झाड आणि वॉकर यांतला फरक कळायला क्षणभर थांबावं लागतं. तुम्हीही पहाऱ्यावर असल्यासारखे डोळे ताणता.

२०२० पासून हेच अंक डेव्ह मॅकेगच्या रंगांत पुन्हा निघू लागले. रंग चांगले आहेत, मेहनतीचे आहेत. पण पहिल्यांदा वाचणाऱ्यानं कृपया काळं-पांढरंच वाचावं. ४८ व्या अंकात लोरी बाळाला घेऊन पडते ते पान रंगात बघवत नाही, आणि काळ्या-पांढऱ्यात विसरवत नाही.

अटलांटाकर – रविवार, संध्याकाळी ६.३० (तिकडची सकाळ)

वीस वर्षं अटलांटात आहे. 'सरकारनं लोकांना शहरात बोलावलं' हे वाक्य मला इथे राहिल्यावर जास्त कळलं.

२८ जानेवारी २०१४ ला इथे जेमतेम दोन-तीन इंच बर्फ पडला. दुपारी शाळा, कचेऱ्या, दुकानं एकदम सुटली आणि सगळ्या गाड्या एकाच वेळी महामार्गावर आल्या. रस्ता गोठला. हजारो लोकांनी रात्र गाडीत काढली, मुलं शाळांत आणि बसमध्ये झोपली. मी ऑफिसातून चारला निघालो, घर तीस किलोमीटरवर, पहाटे चालत पोहोचलो. वाटेत एका बाईनं तिच्या गाडीच्या काचेवर हातानं लिहिलं होतं, पाणी आहे का. माझ्याकडे अर्धी बाटली होती, ती दिली. पहिल्या अंकांतलं बंद गाड्यांनी भरलेलं शहर मी त्यानंतर परत उघडून बघितलं.

वुडबरी हे जॉर्जियातलं खरंखुरं छोटं गाव आहे. मालिकेतल्या वुडबरीचं चित्रीकरण मात्र सेनोया गावात झालं. आम्ही मुलांना घेऊन तिथे गेलो होतो. सरळ एक रस्ता, दोन्ही बाजूंना विटांची दुकानं, कुंड्यांत फुलं. त्या रस्त्यावर उभं राहिलं की वुडबरीचे लोक गव्हर्नरवर का भाळले ते समजतं. त्यांना आइस्क्रीमच्या दुकानाचा साधा रस्ता परत मिळाला होता. रिकच्या गटातल्या मायकोनवर काय अत्याचार होतायत, रिकचा हात कुणी तोडला, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. तुरुंगावर चालून गेलेली माणसंही आपलं घर वाचवायला चाललोय असंच समजत होती. मला या कॉमिकमध्ये सगळ्यात जास्त भीती याची वाटते.

अटलांटाकर – रविवार, संध्याकाळी ६.३४

वर 'मायकोन' लिहिलं गेलं, ते मिशोन असं वाचावं.

बखरवाचक – रविवार, रात्री ८.५०

वा, चर्चा छान रंगलीय.

नेगनच्या 'सेव्हियर्स' टोळीबद्दल एक मुद्दा. ते वस्त्यांकडून अर्धं घेतात, त्या बदल्यात वॉकरांपासून संरक्षण देतो म्हणतात. वाचताना मला आपली चौथाई आठवली. महसुलाचा चौथा हिस्सा द्या, आमच्या फौजा तुमच्या मुलखाला त्रास देणार नाहीत. वर सरदेशमुखीचा दहावा हिस्सा. इतिहास आवडणाऱ्या माणसाला ही तुलना टोचते, पण टाळून चालणार नाही. ज्या रयतेनं ती भरली तिच्या घरातून ते कसं दिसलं असेल हा विचार मी या कॉमिकमुळे पहिल्यांदा केला.

फरकही सांगतो. चौथाई महसुलावर असे, सगळ्या पिकावर नाही. अर्धं नेलं तर बियाणं खायची पाळी येते. हिलटॉपकडे शेती आहे, गुरं आहेत, आणि तरी लोक खंगलेले दिसतात. म्हणून मी रानजाईंच्या बाजूचा आहे. पेरणारा असतो म्हणूनच लुटणारा येतो, आणि पेरणाऱ्यांनी एकत्र यायचं ठरवलं की लुटणाऱ्याचे दिवस भरतात. अलेक्झांड्रिया, हिलटॉप आणि एझिकिएलची 'किंगडम' नावाची वस्ती एक होतात तेव्हा नेगन हरतो.

दोनमुलांचीआई – सोमवार, दुपारी २.१०

माझा मुलगा तेराचा आहे. मित्राकडून याचं नाव ऐकून आलाय, हवंय म्हणून मागे लागलाय. द्यावं का? मनापासून सांगा.

वकीलीण – सोमवार, दुपारी २.४०

आत्ता नको. रक्ताचं एक वेळ सोडा, मुलं खेळांत बरंच बघतात. पण गव्हर्नर आणि मिशोनचा भाग, नंतर कार्लला घेऊन रस्त्यावर असताना रिकवर झालेला हल्ला, हे मोठ्यांनाही जड जातं. कॉमिक मोठ्यांसाठीच आहे. अठराचा होऊ दे. तोवर तुम्ही वाचा, म्हणजे तो वाचेल तेव्हा बोलायला घरात कुणीतरी असेल.

दर्यावर – सोमवार, दुपारी ३.००

+१. पण एक सांगतो, आई-बापानं जरूर वाचावं. तुरुंगानंतर रिक आजारी पडतो आणि एकटा कार्ल त्याची राखण करतो, तो अंक. आणि बंद पडलेल्या फोनवर रिक मेलेल्या लोरीशी बोलत राहतो तो. मुलाला कळतं की बाप बरा नाही, तो काही बोलत नाही.

रानजाई – सोमवार, रात्री १०.२०

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. दर्यावर, तुमच्या काकीचा डबा माझ्या वहीत लिहून ठेवलाय.

वकीलीणताई, तुमचा मुद्दा मी मान्य करते, निदान अर्धा. कॉमनवेल्थ आठवा. ओहायोतली पन्नास हजारांची वस्ती. दुकानं, कोर्ट, चिलखती शिपाई, शेतं, सगळं आहे. हरवलेल्यांच्या फोटोंच्या भिंतीवर मिशोनला स्वतःचा फोटो दिसतो आणि तिची मेली समजलेली लेक एलोडी सापडते. या १९३ अंकांत इतका आनंद दुसरीकडे कुठे नाही. पण तिथे माणसाची पायरी ठरते ती तो जुन्या जगात काय होता यावरून. पेरणाऱ्याला तिथे मान नाही, आणि म्हणूनच तिथे असंतोष धुमसतो. रिक तो रक्तपाताशिवाय शमवतो आणि नंतर तिथल्या प्रमुख बाईंचा मुलगा सेबास्टियन मिल्टन याच्या गोळीनं, अंथरुणात, जातो. १९२ वा अंक. पहारा नसलेल्या खोलीत.

शेवटाबद्दल अजून कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. शेवटच्या अंकाच्या पत्रात कर्कमननं सांगितलंय की त्याच्या मनात आधी वेगळा शेवट होता. रिक अलेक्झांड्रियात भाषण देतो, त्याचा चेहरा जवळून दिसतो, तो चेहरा पुतळ्याचा होतो, आणि मागे गेलं की पुतळ्याभोवती सगळं उजाड, वॉकर फिरतायत. म्हणजे कुठलीच जागा टिकली नाही. त्यानं तो सोडून दिला याचं मला फार बरं वाटलं. पुतळा त्यानं ठेवला, पण भोवती माणसं ठेवली.

आता प्रत्यक्षातला १९३ वा अंक. बरीच वर्षं उलटलीत. कार्ल मोठा झालाय, लहानपणची मैत्रीण सोफिया हिच्याशी लग्न झालंय, मुलगी आहे, तिचं नाव अँड्रिया. वॉकर इतके दुर्मिळ झालेत की मॅगीचा मुलगा त्यांचा खेळ गावोगाव दाखवून पैसे मिळवतो. त्याचं नाव हर्शेल. आजोबानं वॉकर गोठ्यात ठेवले ते हे परत माणसं होतील या आशेनं, नातवानं ठेवले ते तिकिटासाठी. त्यातला एक कार्लच्या आवारात येतो, कार्ल त्याला मारतो, आणि दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान केलं म्हणून त्याच्यावर खटला होतो. न्यायाधीश मिशोन. ताई, इथे तुम्ही जिंकलात. वॉकर मारला म्हणून कोर्टात उभं राहावं लागतं, इतकं ते जग सावरलंय.

शेवटच्या पानावर कार्ल घराबाहेर ओसरीत झुलत्या खुर्चीत बसून लेकीला आजोबांची गोष्ट वाचून दाखवतो.

गेल्या दिवाळीला मी हा अंक आणि पहिला खंड बार्शीला घेऊन गेले होते. आईला इंग्रजी येत नाही, पण चित्रं बघायला आवडतात. पहिल्या खंडातली मढी बघून तिनं पुस्तक बाजूला सरकवलं. मी म्हटलं, हे शेवटचं पान तरी बघ. चष्मा लावून तिनं बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "रात्रीचं बाहेर बसलेत का गं हे?" मी हो म्हटलं. "मग बरं आहे," म्हणाली आणि शेंगा निवडायला लागली.

दोनमुलांचीआई, पहिले दोन खंड माझ्याकडे आहेत. तुम्हाला वाचायचे असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पाठवते.

दोनमुलांचीआई – सोमवार, रात्री १०.३५

केला व्यनि. मुलाच्या हाती लागणार नाही अशा कपाटात ठेवीन.